शहाणीच्या दाढेतली गोळी

आमच्या दवाखान्यात एक्स-रे कधी चुकत नाही! हे मी गर्वाने सांगत नाही. गर्व करायचा नाही, हा माझा रोजचा नेमच आहे. पण खरं ते खरं! ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, घोड्यांच्या दातांचे फोटो काढायचं मशीन घेतलं त्या दिवसापासून फोटोआधी घोड्याची झडती घ्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि माझ्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नाही. म्होरकीचं बक्कल, लगामाची कडी, आयाळीतला चाप, धरणाऱ्याच्या खिशातल्या किल्ल्या, सगळं बाहेर! कारण धातू फोटोत पांढराफटक उमटतो आणि त्याच्यामागे काय दडलंय ते कळायला मार्ग नाही. एका मालकाला तर मी कमरेचा पट्टासुद्धा काढायला लावला होता. बिचारा तपासणी संपेपर्यंत एका हातात घोडा आणि दुसऱ्या हातात पँट धरून उभा होता!

आता घोड्याच्या दाढेचा एक्स-रे कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. घोड्याची दाढ म्हणजे तलावात उभा राहिलेला माणूस. वर दिसतं ते नुसतं डोकं. बाकी सगळा देह खाली, हिरडीच्या आणि हाडाच्या आत. आणि दुखणं सुरू होतं ते पायाच्या अंगठ्याकडून! वरून टॉर्च मारून बघावं तर डोकं कसं तुकतुकीत, भांग पाडलेलं. खाली मात्र मुळाशी किडलेलं. गाल सुजला, नाकातून पू आला, की मग सगळ्यांनाच कळतं. पण तोवर दाढ हातची गेलेली असते. म्हणून हे म्हणतात, "रोग लहान असताना पकडायचा. तो मोठा झाल्यावर कोणीही पकडेल."

पण त्या दिवशीची रुग्ण काही परकी नव्हती. ती होती आमची शहाणी.

शहाणी ही माझ्या नणंदेच्या घोडेस्वारीच्या शाळेतली सगळ्यात जुनी घोडी. आमचा दवाखाना पुढे, तबेला मागे, मध्ये एक अंगण. वन्संच्या शाळेतली निम्मी मुलं हिच्याच पाठीवर बसायला शिकली. नावाप्रमाणे वागायचीही. पण गेल्या काही दिवसांत तिला काय झालं कोण जाणे! लगाम दाखवला की मान आभाळाला. लगाम घातला की डोक्याला असे झटके, जणू कानात भुंगा शिरलाय. परवा तर तिने एका मुलीला सरळ कुंपणावर वाळत घातलं! मुलीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण वन्सं पांढऱ्या पडल्या.

"दादा, मी घोड्यांच्या व्यापाऱ्याला शब्द दिलाय," त्या ह्यांना म्हणाल्या. "उद्या दुपारी तो गाडी घेऊन येतोय. तू सकाळी फोटो काढ. दुखणं निघालं तर आपण उपचार करू, ती कुठे जात नाही. पण काही निघालं नाही, तर तो स्वभाव आहे. आणि स्वभावाला मी मुलांच्या खाली ठेवू शकत नाही."

बोलणं अगदी बरोबर होतं. म्हणूनच ते कोणाला सहन होईना. त्यातून मामंजींना! माझे सासरे गुडघ्यांमुळे कुठे जात नाहीत. जातात ते फक्त अंगण ओलांडून शहाणीकडे. सकाळचा चहा तिच्या शेजारी, वर्तमानपत्र तिच्या शेजारी. अग्रलेख तिला मोठ्याने वाचून दाखवतात आणि ती फुरफुरली की म्हणतात, "हिलासुद्धा पटला नाही!" शहाणी गेली तर मामंजी अंगण ओलांडणार नाहीत, आणि अंगण ओलांडलं नाही तर अंथरूण धरतील, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मी तर बोलणं शक्यच नव्हतं. सकाळची पूजा झाली की दुपारच्या जेवणापर्यंत माझं मौन असतं. ओठ हलवायचे नाहीत, आणि लिहूनही सांगायचं नाही. लिहून बोलणं म्हणजे दार बंद करून खिडकीतून आत शिरणं! खाणाखुणा तेवढ्या चालतात. त्या खुणांचा अर्थ लावायचं काम वन्संनी आपणहून घेतलेलं आहे, आणि त्या ते फार आत्मविश्वासाने करतात. मी मीठ मागितलं की मला उशी मिळते.

तर त्या सकाळी पूजा आटोपून मी तबेल्यात गेले. शहाणीची बकलाची म्होरकी उतरवली, साध्या दोरीची चढवली. आयाळ तपासली, कानामागे हात फिरवला. धातूचा कणही नाही! ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे असे, की कोणालाही वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय. मला भरून आलं. माझ्या गळ्यात एक ताईत असतो, बोटाच्या पेराएवढा, तांब्याचा, काळ्या दोऱ्यात ओवलेला. मी तो काढला, कपाळाला लावला आणि तिच्या म्होरकीच्या गालावरच्या गाठीत आत सारून दिला. म्हटलं, देवा, आज हिला सांभाळ!

आता तुम्ही म्हणाल, तांबं धातू नव्हे का? अहो, बक्कल हा धातू. किल्ली हा धातू. ताईत हा ताईत! तो धातूच्या यादीत बसतो हे माझ्या डोक्यात स्वप्नातही आलं नाही.

ह्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात शहाणीची मान लोंबली, खालचा ओठ सैल पडला आणि ती लग्नाच्या लांबलेल्या भाषणात बसलेल्या पाहुण्यासारखी डुलायला लागली. तिची हनुवटी आम्ही उंच स्टँडवर टेकवली. मी आणि ह्यांनी शिशाचे अॅप्रन चढवले. तो अॅप्रन घातला की मी चालत नाही, सरकते. एका गालाशी मी लांब दांड्याची प्लेट धरायची, दुसऱ्या बाजूने हे मशीन धरणार, बाकीच्यांनी दूर दाराबाहेर.

"एक सरळ फोटो पुरे आहे," हे म्हणाले. "मुळाशी काही असेल तर लपणार नाही. मी काय आज पहिल्यांदा फोटो बघतोय?"

टिक! फोटो लॅपटॉपवर आला. वन्सं आणि मामंजी आत आले. सगळे वाकले.

वरच्या दाढांची रांग कशी छान उमटली होती, आणि मागच्या एका दाढेच्या मुळावर, बरोब्बर मुळावर, पांढरीशुभ्र, लांबट, गुळगुळीत अशी एक वस्तू!

ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. वस्तू तिथेच.

"खिळा!" वन्सं किंचाळल्या. "दादा, चाऱ्यातून खिळा गेलाय हिच्या पोटात!"

"पोटात नाही, जबड्यात आहे. आणि खिळ्याला डोकं असतं, ह्याला नाही."

मामंजी पुढे सरकले. त्यांनी स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं. मग सरळ झाले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "गोळी आहे."

"कसली?"

"बंदुकीची! अरे, आकार बघ की! मला वाटतच होतं, हिचं पूर्वायुष्य साधं नाही. आवाज झाला की कशी दचकते!"

"बाबा, ती पाण्याची मोटर लागली की दचकते."

"कशामुळे दचकते ते महत्त्वाचं नाही. का दचकते ते बघ!"

मी मात्र खांबासारखी उभी होते. कारण त्या वस्तूच्या एका टोकाला दोरा ओवायचं इवलंसं कडं मला दिसलं होतं. तो माझा ताईत होता!

फोटोआधी झडती घेणारी मी, पट्टे सोडवणारी मी, आणि तांब्याचा तुकडा घोडीच्या गालात खोचणारीही मीच! मी घाईघाईने हात हलवले. शहाणीच्या गालाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, जिथे ताईत असतो आणि आज नव्हता. पुन्हा गाल, पुन्हा गळा. याहून स्पष्ट काय सांगायचं?

वन्सं लक्ष देऊन बघत होत्या. मग त्यांचा चेहरा उजळला.

"दादा, वहिनी म्हणतेय, गोळी गालातून गळ्यात उतरतेय!"

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"लवकर कर म्हणतेय!"

हे विचारात पडले. "थांबा. नक्की कुठे आहे ते एका फोटोत कळत नाही. तिरका घेऊन बघतो."

तिरका फोटो घेताना मशीन खालून वर रोखतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाढा एकमेकींवर न पडता वेगवेगळ्या दिसतात. आणि अर्थातच, बाहेर गालावर असलेली वस्तू दुसरीकडेच सरकलेली दिसते! टिक! ताईत आता दाढ सोडून चांगला वर गेला होता, आणि टोकाकडून दिसत असल्यामुळे गोल गरगरीत झाला होता.

"बघा!" मामंजी ओरडले. "आता तर छर्राच दिसतोय! आणि हलला!"

"हलतोय खरा," हे पुटपुटले. त्यांचा आवाज ऐकून मला काळजी वाटली. हे घाबरले की आवाज खाली जातो; त्या क्षणी तो जवळजवळ पायऱ्या उतरत होता. त्यांनी फोन काढला आणि आपल्या सरांना, ज्यांच्या हाताखाली हे शिकले त्यांना, व्हिडिओवर घेतलं आणि दोन्ही फोटो पाठवले. फोन लॅपटॉपला टेकवून ठेवला. त्यात सरांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी व्यापारी आला. दुपारी यायचा तो सकाळीच आला. उंचापुरा, गॉगल डोक्यावर, आणि गाडी अंगणात लावूनच आत.

"काय डॉक्टरसाहेब, तयार आहे का आमची घोडी?"

"गोळी आहे तिच्यात," मामंजी छाती काढून म्हणाले.

"गोळी?"

"बंदुकीची. फिरती."

व्यापाऱ्याने स्क्रीनकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं आणि तीन पावलं मागे गेला, जणू ती आत्ताच उडणार होती. "छे, छे! अशी घोडी घेऊन मी काय करू? ताई, तुम्ही बोलला नाहीत हे!"

आता मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ते ऐकून माझ्या मनात लाडू फुटले! मी तोवर शहाणीच्या गालाशी पोचले होते, गाठ सैल केली होती, ताईत माझ्या मुठीत आला होता. तो उंच धरून सगळ्यांना दाखवायचा, एवढंच बाकी होतं. पण मन म्हणालं, थांब. माणूस निघालाच आहे. तो फाटकाबाहेर जाऊ दे, मग दाखव. मौन आहे; मौनात काही खोटं नसतं! मूठ तर मिटून ठेवता येईना, कारण ह्यांनी प्लेट पुढे केली होती. प्लेटला घोड्याची लाळ लागू नये म्हणून मी कापडाची पिशवी शिवली आहे, नाडीची. मी ताईत हळूच त्या पिशवीत सोडला, नाडी ओढली आणि साळसूदपणे दांडा हातात घेतला.

पण तो गृहस्थ जाईना! दारापर्यंत गेला, थांबला, गॉगल डोळ्यांवर घेतला, परत काढला.

"आजोबा, ही गोळी लागली कशी?"

मामंजींना तेवढंच हवं होतं. "आता काय सांगायचं! हिने एकाचा जीव वाचवला असं म्हणतात."

"कोण म्हणतं, बाबा?" वन्संनी विचारलं.

"मी म्हणतो!"

"म्हणजे शूर घोडी!" व्यापाऱ्याचे डोळे चमकायला लागले. "अहो, माझ्याकडून सिनेमावाले घोडे नेतात. गोळी झेललेली खरी घोडी! लोक नुसती बघायला येतील! डॉक्टरसाहेब, गोळी काढू मात्र नका हं. ती आतच हवी. मी घेतली हिला!"

माझ्या मनातले लाडू तिथल्या तिथे दगड झाले.

"दादा, आधी गळ्याचा फोटो," वन्सं म्हणाल्या. "वहिनी मघाशी सांगत होती, ती उगाच सांगणार नाही."

मी निश्चिंत होते. ताईत काढलेला होता. आता फोटो स्वच्छ येईल, सगळे सुटकेचा श्वास सोडतील, मग बघू. प्लेट गळ्याशी धरली. टिक!

गळ्याच्या मधोमध, आडवा, ऐटीत, माझा ताईत!

मी प्लेटकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. नाडीकडे पाहिलं. देवा रे! मी त्याला गालावरून काढून थेट कॅमेऱ्यापुढे नेऊन बसवला होता!

"उतरली!" वन्सं ओरडल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

"वहिनीने म्हटलं होतं," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज आता पहिल्यासारखा नव्हता.

"खाली घे, मानेच्या मुळाशी," हे मला म्हणाले, आणि मी काही खूण करायच्या आत माझ्या हातातून दांडा घेऊन प्लेट त्यांनी स्वतःच मानेखाली धरली आणि दुसऱ्या हाताने मशीन रोखलं. टिक! तिथेही हजर! लहान मुलं शाळेच्या प्रत्येक फोटोत पुढे घुसतात ना, तसा!

फोनमधलं कपाळ आक्रसलं. "फार वेगाने सरकतेय," सर म्हणाले. "रक्तवाहिनीतून जात असेल तर पुढे हृदय आहे. घोडीला हलवू नका. पूर्ण भूल देऊन उघडावं लागेल, आणि आजच."

"सर, तिचं वय..." हे थांबले.

"माहीत आहे. या वयात भुलीतून उठेलच असं नाही. पण दुसरा उपाय काय?"

मामंजींनी एक बादली पालथी केली आणि तिच्यावर बसले. एक हात शहाणीच्या गुडघ्यावर ठेवला. जिच्या शौर्याच्या गोष्टी ते आत्तापर्यंत रंगवत होते, तिच्याकडे त्यांना बघवेना.

"मला गोळी नको होती रे," ते अगदी लहान आवाजात म्हणाले. "मी आपलं बोलून गेलो."

मी ह्यांच्या हातातल्या प्लेटकडे झेपावले, पण शिशाच्या अॅप्रनात झेपावणं म्हणजे काय ते कपाटाला विचारा! हे ओरडले, "अगं, हात लावू नकोस, अजून एक फोटो घ्यायचाय!" आणि प्लेट डोक्याच्या वर धरली. मी वर बोट दाखवलं, प्लेटकडे. मग हात जोडले, की बाबांनो, तिथे बघा!

वन्सं गहिवरल्या. "वहिनी म्हणतेय, आता फक्त वरच्याच्या हाती. सगळ्यांनी हात जोडा."

आणि सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले! व्यापाऱ्यानेसुद्धा! फोनमधलं कपाळही वाकलं!

मी मनात म्हटलं, देवा, एवढी वर्षं मी तुझ्यासाठी गप्प राहिले. आज हिच्यासाठी बोलते. समजून घे. आणि मी तोंड उघडलं.

"अहो," मी म्हटलं.

कोणाला ऐकूच गेलं नाही! माझा आवाज मुळातच असा, की दूधवालासुद्धा मला दोनदा "काय?" विचारतो. त्यात सकाळपासून घसा बंद.

"अहो, तो ताईत आहे."

"कोण बोललं?" व्यापारी डोळे मिटूनच म्हणाला.

"गोळी नाही ती."

"शू! प्रार्थना चाललीय," वन्सं म्हणाल्या.

मग मात्र माझ्यातून जे निघालं ते कुठून निघालं मला आजही माहीत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी आवाज चढवला नव्हता. तो सगळा शिल्लक साठा बहुधा त्या एका वाक्यात गेला.

"तो माझा ताईत आहेऽऽऽ!"

छपरावरची कबुतरं उडाली. व्यापाऱ्याचा गॉगल थेट पाण्याच्या पिंपात. ह्यांच्या हातून प्लेट निसटली, ती मामंजींनी बसल्या बसल्या झेलली. गुडघेदुखी असलेल्या माणसाने असा झेल घेतलेला मी तरी पाहिला नाही! आणि शहाणी, जिला पिसाळलेल्या वाघाला झोपवेल एवढी गुंगी दिली होती, तिने एक डोळा पूर्ण उघडून माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी बोलली!" वन्संना गोळीपेक्षा त्याचाच धक्का जास्त बसला होता.

मामंजींनी नाडी सोडली, पिशवी उलटी केली. ताईत त्यांच्या तळहातावर पडला. मग मी सगळं सांगितलं. गाठ, गाल, मूठ, पिशवी. आणि व्यापारी निघून जावा म्हणून मी मूठ उघडली नाही, हेही सांगितलं. त्याच्याकडे बघून सांगितलं. ते सगळ्यात अवघड गेलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं. पण त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग अॅप्रनसकट सगळे हे. मामंजी बादलीवरून उठले आणि शहाणीच्या मानेला मिठी मारून हसायला लागले. वन्सं हसता हसता रडत होत्या. फोनमधलं कपाळ हलताना दिसत होतं, म्हणजे सरही हसत असावेत.

फक्त व्यापारी हसला नाही. पिंपातून गॉगल काढून झटकत तो म्हणाला, "म्हणजे गोळी नाही. रोगही नाही. मग ठरल्याप्रमाणे घेऊन जातो की, ताई."

हसू जागच्या जागी विरलं. वन्संनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. खरंच, काहीच निघालं नव्हतं. एवढ्या फोटोंत निघाला तो माझा ताईत.

"शब्द दिलाय मी," वन्सं अगदी हळू म्हणाल्या. "परवाची मुलगी कुंपणाऐवजी दगडावर पडली असती तर?" मामंजींनी मिठी सोडली नाही, पण मान हलवली. त्यांनाही ते समजत होतं.

मी म्होरकीची मोकळी गाठ नीट बांधायला लागले. दुसरं करण्यासारखं काय होतं?

"अरे, कोणी माझ्याकडे लक्ष देईल का?" फोन म्हणाला.

सरांना आम्ही विसरलोच होतो!

"तो दुसरा, तिरका घेतलेला, मोठा करून बघ. ताईत सोड आता. ताईत पहिल्या फोटोत जिथे होता, ती दाढ बघ. मागून दुसरी. मुळाभोवतीची काळी रेघ शेजारच्या दाढांना कशी आहे?"

"बारीक. केसासारखी," हे म्हणाले.

"आणि हिला?"

हे वाकले. खूप वेळ वाकलेले राहिले. "रुंद झालीय, सर. आणि मुळाचं टोक... बोथट वाटतंय. आजूबाजूचं हाड जरा पांढरं."

"वाटत नाही, आहे. ही सुरुवात आहे, अगदी कोवळी सुरुवात. सरळ फोटोत ती कधीच दिसली नसती. त्यात दोन्ही बाजूंच्या दाढा एकात एक मिसळतात. तिरका तू कशासाठी घेतलास?"

"गोळी शोधायला," हे खाली मान घालून म्हणाले.

"छान. मला एक सांगा, घोडी एकाच बाजूने चावते का? अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे खाली पडतात का?"

"नाही हो," वन्सं म्हणाल्या. "मी रोज तबेला बघते, खाली एक काडी नसते."

मामंजी खाकरले. मग पुन्हा खाकरले.

"पडतात," ते म्हणाले. "मी उचलतो."

"बाबा!"

"तू म्हणाली असतीस म्हातारी झाली, चावता येत नाही, काढून टाका! म्हणून तू यायच्या आत मी गोळा करून वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायचो. मला काय माहीत ते दाढेचं लक्षण आहे म्हणून!"

लगाम ओढला की नेमका त्या दुखऱ्या बाजूला हिसका बसत होता. मान आभाळाला का जात होती ते एका क्षणात लख्ख झालं. हा स्वभाव नव्हता, ठणका होता! ज्या जनावराने इतकी वर्षं लोकांची मुलं सांभाळली, ते दाढ दुखते असं कोणाला आणि कसं सांगणार? तिने तिच्या परीने खुणा केल्या होत्या. आम्ही त्यांचा अर्थ वन्संसारखा लावला होता.

"वाचेल दाढ?" वन्संनी विचारलं.

"आज सापडली म्हणून वाचेल," सर म्हणाले. "आणखी दोन-तीन महिन्यांनी उपटावीच लागली असती."

वन्सं वळल्या. त्यांनी व्यापाऱ्यापुढे हात जोडले. तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण ह्या खुणेचा अर्थ त्याला बरोबर कळला. माणूस वाईट नव्हता. शहाणीच्या नाकावर एक थाप मारून म्हणाला, "गोळी असती तर मात्र सोडलं नसतं हं!" आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

ह्यांनी दोन दाढांच्या फटीत घट्ट बसलेला गवताचा लगदा उकरून काढला, फट धुतली, औषध भरलं, दाढांच्या टोचणाऱ्या कडा घासल्या. काही दिवस मऊ भिजवलेला चारा, लगामाला सुट्टी. मग एके दिवशी वन्संनी श्वास रोखून लगाम पुढे केला, आणि शहाणीने तोंड असं उघडलं, जणू बिस्किटच समोर आलंय! कुंपणावर वाळत पडलेली ती मुलगीच पहिली तिच्या पाठीवर बसली. मामंजींनी तो अख्खा तास टाळ्या वाजवल्या.

यशाने हेही थोडे फुलले. डॉक्टरांच्या सभेत ह्यांना भाषणाला बोलावलं. विषय, 'दाढेचं दुखणं कोवळं असताना कसं ओळखावं'. ह्यांनी त्या तिरक्या फोटोची मोठी प्रत कागदावर काढून आणली आणि निघायच्या आधी सरावासाठी तबेल्यातच उभे राहिले. श्रोते म्हणजे मामंजी, वन्सं, मी. हे कागद उंच धरून रंगात आले होते. "तर मंडळी, ही जी दाढ, ही निरोगी दिसणारी दाढ..."

मागून एक लांब मान आली, शांतपणे फोटो ह्यांच्या हातातून घेतला आणि खायला सुरुवात केली!

"अगं ए! सोड! थुंक! अगं, तुझाच फोटो आहे तो!" हे तिच्याभोवती नाचायला लागले.

"अरे, ओरडू नकोस, बघ! बघ तरी!" मामंजी ह्यांना मागे ओढत म्हणाले. "दोन्ही बाजूंनी चावतेय!"

खरंच! उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. जबडा कसा चाकासारखा फिरत होता. एक कपटा खाली पडू दिला नाही. सगळे थक्क होऊन बघत उभे. भाषणापेक्षा तेच पटणारं होतं.

कागद काही पौष्टिक नसतो, हे मला कळतं. एवढी वर्षं डॉक्टरच्या घरात काढली आहेत. पण इतक्या दिवसांनी तिला असं चवीने खाताना पाहिलं, आणि खरं सांगते, मला राहवेना. सगळ्यांचं लक्ष तिच्या दाढांकडे होतं तेवढ्यात ह्यांनी खुर्चीवर ठेवलेलं भाषणाचं पहिलं पानही मी हळूच तिच्यापुढे सरकवलं.